आधी थकबाकीची यादी, मग सॉफ्टवेअर

भाऊ, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणायचे आहे, पण तालुक्याच्या गावातली २४ घरांची सोसायटी, आणि ‘वही हाय ना, सॉफ्टवेअर कायले पाहिजे?’ म्हणणारे सचिव काका. डेमो दाखवून त्यांना पटणार नाही. सप्टेंबरच्या वार्षिक सभेआधी थकबाकीची यादी वहीतून काढताना दमछाक होते. तीच यादी सॉफ्टवेअरमधून छापून त्यांच्या हातात द्या.

सॉफ्टवेअरमध्ये जुनी बाकी भरताना एक चूक हमखास होते. एका घराची मुद्दल बाकी ८,४०० आणि व्याज १,२६० समजा. दोन्ही मिळून ९,६६० ‘सुरुवातीची बाकी’ म्हणून टाकले, की वार्षिक १२ टक्क्यांनी महिन्याला ८४ ऐवजी ९६.६० रुपये लागतात. व्याजावर व्याज! पहिल्याच बिलाला भांडण. म्हणून रकाने वेगळे ठेवा, सुरुवात १ एप्रिलपासून, आणि ३१ मार्चची बाकी ताळेबंदाशी जुळवूनच.

तीन महिने वहीही चालू राहू द्या, काकांचाही मान राहतो. यूपीआयने आलेल्या पैशात घर नंबर नसेल तर रक्कम उचंत खात्यात, म्हणजे पैसे कुणाचे ते कळेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात. अंदाजाने कुणाच्या नावावर नको. पासवर्ड दोघांकडे. दर महिन्याला एक्सेलमध्ये प्रत उतरवा, सॉफ्टवेअरची कंपनी बदलली तर तेवढीच हाती राहते. बिल मात्र छापूनच द्या. आपल्याकडे लाइन कधी जाईल, नेम नाही.