शब्दचर्चा: सेका, शिक्का आणि बास्क मुलखातली नाणी

मोडीवाचक: मंडळी, बास्क प्रदेशातल्या (स्पेन-फ्रान्स सीमेवरचा मुलूख) नाण्यांवर मराठीत टिपण लिहितोय. स्पॅनिशमध्ये टाकसाळीला 'सेका' म्हणतात. 'पाम्प्लोनाची सेका' असं ठेवू की सरळ टाकसाळ म्हणू? आणि नाणी 'छापली' की 'पाडली'?

खुर्दा: टाकसाळच म्हणा. आणि नोटा छापतात, नाणी पाडतात. हल्ली वर्तमानपत्रंही यात गफलत करतात.

'सेका' मात्र आपल्या ओळखीचा निघतो. अरबी 'सिक्का' म्हणजे नाण्यावर छाप उठवायचा साचा, आणि 'दार अस्-सिक्का' म्हणजे टाकसाळ. तोच शब्द स्पेनमध्ये 'सेका' झाला, आणि फारसीतून आपल्याकडे येऊन 'शिक्का'. तिकडे तो इमारतीला चिकटला, इकडे उमटलेल्या छापाला. म्हणून सेकाला 'शिक्का' हा प्रतिशब्द चालणार नाही. पाम्प्लोनाच्या टाकसाळीची गॉथिक वास्तू अजून उभी आहे, बरं का. पुढे नावारच्या राज्याची (पाम्प्लोना ही त्याची राजधानी) हिशेबतपासणी तिथे गेली, आणि आजही त्याच खात्याचं कार्यालय तिथे आहे.

मोडीवाचक: छान! सुरुवात मी 'सर्वांत जुनी बास्क नाणी' अशी केलीय.

खुर्दा: जरा जपून. इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातले चांदीचे देनारी, म्हणजे रोमन धर्तीची नाणी, आहेत. एका बाजूला दाढीवाल्या पुरुषाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला तलवार उगारलेला घोडेस्वार, खाली इबेरियन लिपीत 'बर्स्कुनेस' किंवा 'बास्कुनेस'. रोमन लेखकांनी सांगितलेले 'वास्कोनेस' लोक (ज्यांच्या नावावरून 'बास्क' आलं) ते हेच का, यावर अभ्यासक अजून भांडतात. 'बास्क' हे विशेषण तिथे ठोकून देऊ नका.

जुनाबाजार: मध्ययुगातलं 'सांचेते' घ्याच. नावारच्या सांचो राजांवरून पडलेलं नाव, हिणकस चांदीचं नाणं. आपल्या शिवराईसारखंच, राजाचं नाव नाण्याला.

आणि राजांचे क्रमांक सांभाळा. १५१२ मध्ये नावार जिंकलं गेलं, तरी ते वेगळं राज्य म्हणून टिकलं आणि पाम्प्लोनात नाणी पडत राहिली. त्यामुळे स्पेनचा सातवा फेर्नांदो पाम्प्लोनाच्या तांब्याच्या मारावेदींवर (हे जुनं स्पॅनिश नाणं) 'तिसरा' आहे! नावारच्या गादीवर त्याच्याआधी दोनच फेर्नांदो झाले होते. टिपणात 'सातवा' लिहून शेजारी त्या नाण्याचा फोटो दिलात, तर वाचक तुम्हालाच चूक ठरवतील.

मोडीवाचक: हे डोक्यातच आलं नव्हतं. शेवट १९३७ वर करतोय: 'स्पेनच्या यादवी युद्धात बास्क सरकारने एक आणि दोन पेसेतांची (पेसेता हे स्पेनचं तेव्हाचं चलन) निकेलची नाणी पाडली.'

खुर्दा: 'पाडून घेतली' म्हणा. ती बेल्जियममध्ये पडली. नाण्यावर फ्रिजियन टोपी (प्रजासत्ताकाचं चिन्ह मानलेली मऊ टोपी) घातलेल्या स्त्रीचं मस्तक आणि 'गोबिएर्नो दे एउस्कादी', म्हणजे बास्क सरकारचं नाव, पण स्पॅनिश भाषेत. त्याच वर्षी जूनमध्ये बिल्बाओ पडलं.

मोडीवाचक: एकाच परिच्छेदात नाणीही पडली आणि शहरही पडलं! शहरासाठी 'बंडखोर सेनापती फ्रँकोच्या सैन्याच्या हाती गेलं' असं लिहितो.

जुनाबाजार: +१