पुणे – भोर – वरंधा घाट – महाड – आंबेनळी घाट – महाबळेश्वर – वाई : दोन दिवसांच्या मोटारसायकल फेरीबद्दल मार्गदर्शन हवे आहे

मावळतीचा रस्ता (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि माझ्याकडे ३५० सीसीची मोटारसायकल आहे. शनिवार-रविवारी ताम्हिणी, पानशेत आणि लोणावळ्याकडे बऱ्याचदा जाणे होते, परंतु त्या रस्त्यांवर सुट्टीच्या दिवशी मोटारींची इतकी रांग असते की घाटाचा आनंद घेण्याऐवजी पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे पाहतच अंतर कापावे लागते. म्हणून या वेळी महामार्ग शक्य तितका टाळून भोरमार्गे वरंधा घाट उतरावा, महाड-पोलादपूर करून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठावे, तेथे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी वाईमार्गे परतावे, असा विचार आहे. एकूण अंतर साधारण तीनशे किलोमीटर भरेल असा माझा अंदाज आहे. मागे पत्नी बसणार आहे, आणि तिलाही प्रवासाचा आनंद मिळावा ही माझी मुख्य इच्छा आहे. वेगाची मला हौस नाही.

माझे प्रश्न असे : ही फेरी याच दिशेने करावी की उलट? कोणत्या महिन्यात करावी? आणि वाईहून पुण्याला येताना महामार्गाला पर्याय असा एखादा शांत, वळणावळणाचा रस्ता आहे का?

घाटवाट

आपण निवडलेली फेरी फार चांगली आहे आणि दिशाही योग्य आहे. त्याचे कारण जरा सविस्तर सांगतो, कारण या रस्त्यांवर दिशा आणि वेळ या दोन गोष्टी नीट जुळल्या की अर्धे काम होते.

सह्याद्रीचा पूर्वेकडचा उतार सौम्य आहे, तर कोकणाकडची बाजू एकदम तुटलेली आहे. त्यामुळे भोरकडून जाताना आपण घाटमाथ्यावर कधी पोहोचलो हे लक्षातही येत नाही, आणि मग रस्ता एकाएकी दरीत उतरू लागतो. आपण सकाळी पश्चिमेकडे जाणार आणि दुपारनंतर पोलादपूरहून पूर्वेकडे चढणार, म्हणजे दोन्ही वेळा ऊन बहुतेक पाठीशी राहील. वळणावर डोळ्यांत ऊन येणे हा घाटातला मोठा धोका आहे आणि तो या आखणीत आपोआप टळतो.

मात्र याच रचनेचा एक परिणाम ध्यानात ठेवावा. घाटाची कोकणाकडची बाजू पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी बराच वेळ डोंगराच्या सावलीत असते. पावसाळा संपल्यानंतरही झाडीतल्या वळणांवर दव, ओल आणि कडेचे शेवाळ दहा-साडेदहापर्यंत टिकून राहते. म्हणून पहाटे निघालात तरी वरंधा उतरायची घाई करू नये. भोरच्या पुढे नीरा देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने जो रस्ता जातो, त्याच्यासाठी सकाळचा वेळ राखून ठेवावा. माझ्या मते संपूर्ण फेरीतील सर्वांत सुंदर भाग तोच आहे. एका वळणावर पाणी अगदी जवळ येते, पुढच्या वळणावर ते दिसेनासे होते, आणि हिरडोशीच्या बाजूला भातखाचरे व पलीकडे डोंगरांच्या रांगा असे दृश्य बराच वेळ सोबत राहते. नीरेचा उगमही याच वाटेवर शिरगावला आहे. तेथील कुंड पाहण्यासाठी अवश्य थांबावे. घाटाच्या तोंडाशी वाघजाईचे मंदिर आहे, जवळच चहा-भजीच्या टपऱ्या आहेत, आणि ज्या कावळ्या किल्ल्याच्या डोंगरातून हा रस्ता काढलेला आहे त्याच्या दोन्ही बाजू तेथून दिसतात. ऊन घाटात उतरेपर्यंत येथे थांबावे आणि मग निघावे.

उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून उतरण्याची सवय आजही अनेकांना आहे. मागे माणूस बसलेला असताना तर ती अत्यंत घातक ठरते, कारण सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या खालच्या वळणांवर त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षे झाली असतील तर निघण्यापूर्वी बदलून घ्यावे. दोघांचे वजन आणि सामान लक्षात घेऊन मागच्या चाकातील हवा गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वाढवावी.

महिन्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचा मध्य, दिवाळीची सुट्टी वगळून. या काळात डोंगर पूर्ण पिवळे पडलेले नसतात, हवा स्वच्छ असते आणि दरीतले दूरवरचे दिसते. पावसाळ्यात हा परिसर विलक्षण सुंदर असतो हे मान्य आहे, परंतु या दोन घाटांसाठी मी पावसाळा सुचवणार नाही. त्याबद्दल स्थानिकांनी लिहिले तर अधिक उपयोग होईल.

महाडवासी

वर पावसाळ्याचा उल्लेख आला आहे म्हणून लिहितो. आमच्या तालुक्याला जुलै २०२१ विसरता येणार नाही. त्या पावसात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचून वाहतूक बंद पडली. अलीकडच्या पावसाळ्यांत वरंधा घाटही प्रशासनाच्या आदेशाने वारंवार बंद ठेवावा लागला आहे, कधी केवळ अवजड वाहनांसाठी, तर कधी सर्वच वाहनांसाठी. असा आदेश असताना ‘दुचाकी कुठूनही निघून जाते’ असे म्हणून अडथळ्याच्या बाजूने गाडी काढणारे लोक आम्ही पाहतो. कृपया तसे कोणीही करू नये. दरड कोसळण्यापूर्वी सूचना देत नाही, आणि घाटात अडकलेल्या माणसाला बाहेर काढायला खालच्या वाड्यांतलीच माणसे आपला जीव धोक्यात घालून जातात. पावसाळा संपल्यावरही, निघण्याच्या आदल्या दिवशी घाट सुरू असल्याची भोर किंवा महाडमध्ये खात्री करून घ्यावी, कारण या मार्गावर रुंदीकरणाची व दुरुस्तीची कामे निघतात आणि काही ठिकाणी खडीचा पट्टा अचानक समोर येतो.

घाट उतरल्यानंतर समर्थ रामदासांशी जोडल्या गेलेल्या शिवथरघळीकडे जाणारा फाटा लागतो. वेळ असेल तर वाट वाकडी करून जरूर जावे. तो रस्ता अरुंद असला तरी झाडीतून जातो आणि त्यावर वाहने कमी असतात. महाडमध्ये पेट्रोल भरून घ्यावे. भोर सोडल्यानंतर महाडपर्यंतचे सुमारे ऐंशी किलोमीटर पंप मिळेल या भरवशावर काढू नयेत. भोरमध्येच टाकी भरलेली असावी. घाटाच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चर काढण्याचे साहित्य आणि हवेचा छोटा पंप सोबत ठेवावा. ट्यूब असेल तर जादा ट्यूब तरी असावी.

आणखी एक विनंती, ही आपल्याला नसून येथे वाचणाऱ्या सर्वांना आहे. या रस्त्याला लागून असलेल्या वाड्यांमध्ये घरांची अंगणे जवळजवळ रस्त्यावरच आहेत. रविवारी सकाळी बदललेल्या सायलेन्सरच्या दहा-पंधरा गाड्या एकामागून एक गेल्या की लहान मुले दचकतात, जनावरे दावे तोडून पळतात आणि म्हातारी माणसे दिवसभर अस्वस्थ राहतात. भातकापणीच्या दिवसांत शेतकरी रस्त्याच्या कडेला भात आणि पेंढा टाकतात. तो पेंढा चाकाखाली आला तर गाडी घसरते, हे चालवणाऱ्याने जाणून वेग कमी करावा. त्यावरून शेतकऱ्याशी वाद घालू नये. वर्षाचे पीक वाळवायला त्याच्याकडे दुसरी सपाट जागा नसते.

मावळतीचा रस्ता

दोघांचेही मनापासून आभार. सकाळची ओल आणि डोंगराची सावली हा मुद्दा माझ्या विचारातच आला नव्हता, त्यामुळे आता नीरा देवघरच्या काठावर निवांत थांबण्याचे ठरवले आहे. नोव्हेंबरच्या मध्याचा शनिवार धरला आहे. आंबेनळी घाट दुपारी किती वाजता चढायला घ्यावा आणि परतीला वाईहून कोणता रस्ता घ्यावा, एवढेच दोन प्रश्न उरले आहेत. पत्नीला प्रतापगडही पाहायचा आहे.

वाईकर

पोलादपूरहून दुपारी एकच्या आत निघावे. तेथून महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर आहे आणि नुसत्या रस्त्याला दीड तास पुरतो, परंतु आपल्याला हा घाट थांबत थांबत चढायचा आहे. इंग्रजांच्या काळी मुंबईचे गव्हर्नर सेमूर फिट्झजेराल्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा हा घाट आखतानाच चढ सारखा राहील अशी काळजी घेतलेली दिसते. वळणे पुष्कळ आहेत, मात्र बहुतेक ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एका लयीत चढत राहते, आणि मागे बसलेल्या माणसाला धक्के न बसता दरी पाहता येते. पश्चिमेचे ऊन दुपारी या कड्यांवर थेट पडते, त्यामुळे रस्ता कोरडा असतो आणि जावळीच्या जंगलाचे खरे रूप त्याच वेळी दिसते.

वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा आहे. गड पाहायला किमान दोन तास लागतील. त्यानंतर वेळ उरला तर जवळच्या पार गावातला कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल आणि रामवरदायिनीचे मंदिर पाहावे. आजचा घाटरस्ता होण्यापूर्वी कोकणातून वर येण्याची वाट पारघाटातून होती आणि १६५९ साली अफजलखानाचा तळही पारलाच पडला होता. ज्या वाटेने आपण मोटारसायकलवर सहज वर येतो, तिथे एका मोठ्या फौजेची काय अवस्था झाली असेल, हे त्या जागी उभे राहिल्यावर ध्यानात येते. गड आणि पार दोन्ही करायचे असतील तर पुण्याहून पहाटे निघणे अपरिहार्य आहे. तसे जमले नाही तर पार सोडावे, परंतु अंधारात आंबेनळी चढू नये. सूर्यास्तानंतर वरच्या भागात धुके उतरते, कडेचे कठडे नीट दिसत नाहीत आणि हेडलाइटचा उजेड धुक्यावर परतून उलट त्रासच होतो.

अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असा नियम आहे, परंतु समोरून एसटी येत असेल तर तो हक्क बजावत बसू नये. वळण घेताना बसला रस्त्याची जवळजवळ सगळी रुंदी लागते आणि तिचा मागचा भाग बाहेर झुकतो. वळणाच्या अलीकडेच डावीकडे थांबून तिला जाऊ द्यावे. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा आणि आपल्या बाजूच्या पट्ट्याच्या मध्यावर राहावे. शर्यतीत पाहिलेली, वळण कापून जाण्याची रेषा येथे समोरच्या मोटारीच्या पुढ्यात नेऊन सोडते.

आता परतीचे. रविवारी सकाळी लवकर, सातच्या सुमारास, महाबळेश्वर सोडावे. पाचगणीनंतरचा पसरणी घाट आमच्या रोजच्या जाण्यायेण्याचा आहे, त्यामुळे कदाचित मी पक्षपाती असेन, पण त्या वेळी खाली वाईचे शहर, कृष्णेचे पात्र आणि धोम धरणाचे पाणी ज्या प्रकारे उलगडत जाते, तसे दृश्य मला इतर कोणत्याही घाटात दिसलेले नाही. येथे मात्र दिशा उलटी आहे. आपण पूर्वेकडे उतरता, म्हणून सकाळचे ऊन काही वळणांवर समोरून येईल. हेल्मेटची काच स्वच्छ असावी आणि त्या वळणांवर वेग अगदी कमी ठेवावा. शाहीर साबळे यांचे पसरणी गाव घाटाच्या पायथ्याशीच आहे. दहानंतर पर्यटकांच्या गाड्या वर येऊ लागतात आणि दुपारी त्याच परत उतरतात, म्हणून सकाळची वेळ सोडू नये.

वाईहून महामार्ग टाळण्यासाठी मांढरदेवमार्गे भोर हा रस्ता घ्यावा. अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. वाईच्या बाजूने चढ सुरू होतो, काळूबाईच्या डोंगरावरून दोन्ही खोरी दिसतात आणि पलीकडे आंबाडे गावाकडे रस्ता उतरतो. अशा रीतीने आपली फेरी भोरलाच पूर्ण होते आणि महामार्गाचा संबंध फक्त कापूरहोळ ते पुणे एवढाच राहतो. मंगळवार, शुक्रवार आणि विशेषतः पौषातील यात्रेचे दिवस या रस्त्यासाठी टाळावेत. आपण नोव्हेंबरच्या रविवारी जाणार आहात, त्यामुळे थोडी गर्दी मंदिराजवळ लागेल, रस्त्यावर नाही.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम. वाई आणि भुईंजच्या परिसरात कारखान्याकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरना बरेचदा मागे दिवा नसतो, आणि ऊस दोन्ही बाजूंना ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो. दिवसा ते लांबून दिसतात, संध्याकाळी दिसत नाहीत. म्हणून वाईत दुपारचे जेवण करून बारा-एकपर्यंत मांढरदेवच्या वाटेला लागावे, म्हणजे उजेडातच पुणे गाठता येईल. जेवणाआधी तासभर असेल तर मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट पाहावा. वाईपासून तो अगदी जवळ आहे आणि गाडी सावलीत लावायला तेथे जागा मिळते.