ऐन उमेदीत गेलेला घरचा माणूस : तुमचे अनुभव लिहा

पस्तिशी-चाळिशीतला नवरा, बाप, भाऊ अचानक गेला की सुरुवातीला घर माणसांनी भरतं. पुढे सगळे आपापल्या कामाला लागतात आणि त्याचा विषय निघाला की कोणीतरी घाईघाईनं दुसरं काही काढतं. इथे विषय बदलायचा नाही. तो कसा होता, मागे काय राहिलं, कोणाच्या वागण्यानं धीर आला, कोणाच्या बोलण्यानं डोकं फिरलं, सगळं लिहा. खरी नावं नकोत. डॉक्टर-दवाखान्याचे वाद नकोत. 'चांगली माणसंच देवाला आवडतात' हे वाक्य शक्यतो टाळा, ते ऐकून ऐकून इथले बरेच जण कंटाळले असतील.

सुरुवात मी करतो. माझा आतेभाऊ. कुठेही वेळेवर पोचायचा नाही, स्वतःच्या साखरपुड्यालाही उशिरा आला. मुलीच्या शाळेच्या फाटकाशी मात्र सुटायच्या आधी हजर. आम्ही चिडवायचो, तर म्हणायचा, "तुम्ही थांबू शकता, ती नाही." त्याच्याबद्दल बोलायचं झालं की मला आधी हेच आठवतं.

*

पत्नी, दोन मुलांची आई

दुःखाचं नंतर लिहीन, आधी कटकटीचं लिहिते. घरातलं प्रत्येक खातं, प्रत्येक बिल त्याच्या मोबाइल नंबरला जोडलेलं. फोनचं लॉक त्याच्या अंगठ्यावर. ओटीपी त्या बंद फोनवर येणार आणि तो आल्याशिवाय माझं एकही काम पुढे सरकणार नाही. प्रत्येक खिडकीवर तीच कागदपत्रं, तोच मृत्यूचा दाखला, आणि दर वेळी नव्यानं सांगायचं की हो, ते गेले. रडायला सवड नव्हती असं म्हणाले तर लोकांना खोटं वाटतं.

"काही लागलं तर सांग" म्हणणारे पुष्कळ भेटले. काय लागतंय हे तरी मला कुठे कळत होतं? नवऱ्याचा एक मित्र मात्र सरळ आला आणि म्हणाला, "वहिनी, सगळे कागद इथे टेबलावर ओता." बसला, गठ्ठे लावले, यादी केली. पुढे दर रविवारी येत राहिला. एकदाही सांत्वन केलं नाही त्यानं. त्याच्याइतका आधार मला कोणाचा झाला नाही.

आणखी एक. आमच्याकडे आता त्याचा देव केलाय. कधी आवाज चढवला नाही म्हणे! अहो, चढवायचा की. हट्टी होता, घोरायचा, ओला टॉवेल पलंगावर टाकायचा, चार माणसांत माझी चेष्टा करायचा आणि मग रात्री उशिरापर्यंत मनधरणी. मला तो माणूस हवाय. फोटोतला गुणी माणूस माझ्या ओळखीचा नाही.

*

मुलगी, आता नोकरी करते

बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. मला सांगितलं, "बाबा लांब कामाला गेलेत." मी वाट बघत राहिले. ते येईनात, तेव्हा माझ्यावरच रागावले असणार असं मी ठरवून टाकलं. खरं कळलं ते मोठ्यांच्या कुजबुजीतून. आईला दोष देत नाही, तिलाच कोणी सावरलेलं नव्हतं. पण लहान मुलं घरात असतील तर सांगून टाका.

घरात एक व्हिडिओ आहे. शूटिंग बाबांचंच, त्यामुळे ते कुठेच दिसत नाहीत. फक्त आवाज येतो, "इकडे बघ, अगं इकडे!" माझ्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा आठवणी फार नाहीत, बहुतेक आईच्या आणि काकांच्या सांगण्यातून आलेल्या. हा आवाज मात्र मला आठवतो असं मी धरून चालते.

*

समुपदेशक

वरच्या ताईंच्या मुद्द्याला जोडून. साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना मृत्यू म्हणजे कायमचं जाणं हे कळत नाही, गेलेला माणूस परत येईल असंच वाटतं. पाच ते सातच्या दरम्यान ते हळूहळू उमगतं. 'झोपलेत' सांगितलं तर काही मुलं झोपायलाच घाबरतात. "बाबांचं शरीर बंद पडलं, ते आता परत येणार नाहीत, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही," एवढं स्वच्छ सांगावं. मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल. पुन्हा पुन्हा तेच उत्तर द्यावं.

दुःखाच्या पाच पायऱ्यांचा (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) हिशोब विधवा बाईपुढे मांडणाऱ्यांसाठी : मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमानं चढायच्या असतात असं काही नाही. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेलं मला जास्त पटतं : माणूस दुःखात आणि रोजच्या कामांत ये-जा करत राहतो. सकाळी बिलं भरून दुपारी कोलमडणं यात विचित्र काही नाही. मात्र महिनोन् महिने रोजचं जगणंच ठप्प राहिलं तर मदत घ्या.

*

सहकारी

त्यानं बनवलेली एक्सेल फाइल आम्ही अजून वापरतो. एका चौकटीत त्याची सूचना आहे : "इथे हात लावू नका. लावलाच तर मला फोन करा." नवीन मुलं विचारतात, हे कोण? मग कोणीतरी खुर्ची ओढून सांगायला बसतं.

*

वडील

सगळे सुनेची आणि नातवंडांची चौकशी करतात. तेच योग्य आहे. मीही तेच करतो. मला कोणी विचारलं तर काय सांगायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

*

धाकटा भाऊ

दादा खेळता खेळता कोसळला. आजूबाजूच्या कोणालाही छाती कशी दाबायची हे माहीत नव्हतं. मी नंतर शिकलो : छातीच्या मधोमध, किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. दादा वाचला असता का, या प्रश्नाच्या मागे आता जात नाही.

शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जाड झालेला निघाला. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. साधारण पाचशेत एकाला असते, बऱ्याचदा आनुवंशिक, आणि जनुकातला दोष आईवडिलांपैकी एकात असेल तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी. आई म्हणाली, आणखी काही ऐकायची माझी ताकद नाही. तरी आम्ही भावंडांनी ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) केले. ताईचं हृदय नीट आहे, माझं जाड आहे. आता औषधं चालू आहेत आणि जोराचे खेळ डॉक्टरांना विचारूनच. दादानं जाता जाता मला सावध केलं असं लोक म्हणतात. मला ते वाक्य सहन होत नाही.

*

पुनर्विवाह केलेली

पहिल्या नवऱ्याचा फोटो भिंतीवर आहे. तो काढायचा का, असं मीच विचारलं होतं. दुसरा म्हणाला, "मुलाला त्याचं नाक कोणाचं ते कळायला नको का?" दोघांची भेट झाली असती तर भांडले असते, राजकारणावरून नक्कीच.

*

पत्नी, दोन मुलांची आई

धाकट्या भावाला : आमच्याकडेही हृदयाचंच होतं. कारण अहवालात आहे, तुम्ही लिहिलंय तेच. आम्हाला मुलांचं कोणी बोललं नाही. माझी नऊ आणि सहा वर्षांची आहेत. एकदा तपासून भागतं का?

*

धाकटा भाऊ

नाही वहिनी. मुलं वाढत असताना साधारण दर एक-दोन वर्षांनी तपासतात, मोठ्यांना तीन ते पाच वर्षांनी. आजार उशिराही दिसू लागतो. जनुकीय तपासणीबद्दलही विचारा, त्यासाठी तुमच्या मिस्टरांचा अहवाल सोबत न्या. इको दुखत नाही, मुलांना आधी तेवढं सांगून ठेवा.

*

पत्नी, दोन मुलांची आई

अहवाल त्या रविवारच्या फाइलमध्ये आहे. उद्या फोन करून दोघांची वेळ घेते.