स्वयंभू गंधार आणि पावणेदोन लाख

कोमल_रिषभ (धागाकर्ता)

रविवारी कपाट आवरताना पावत्यांची पिशवी हाती लागली आणि उगाच बेरीज करत बसलो. स्पीकरची जोडी ४८ हजार, अ‍ॅम्प ३६, डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारी पेटी) १४, टर्नटेबल ४२, त्याची पिन ८, केबल साडेनऊ, स्टॅण्ड वगैरे किरकोळ साडेसोळा. सहा वर्षांत १ लाख ७४ हजार. (बायकोला ९० च्या आसपास माहीत आहे. ती इथे वाचत नाही.)

सुरुवात एका मित्राच्या घरी झाली. त्याने एका मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं, आधी नुसता तंबोरा. पंचम, दोन षड्ज आणि खर्ज (खालचा षड्ज), एवढ्याच तारा. गंधाराची तार नसतेच. पण खर्ज छेडला की त्याच्या पोटातून गंधार वर येत होता. लहानपणी गुरुजी म्हणायचे, "ऐकू येतोय का रे?" आणि मी मार चुकवायला मान डोलवायचो. तो गंधार पहिल्यांदा खरा ऐकला तेव्हा मी चाळीस वर्षांचा होतो. पुढच्याच शनिवारी लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, गाठला.

माझं मत असं, की पहिली उडी खरी असते. फोनच्या आवाजावरून बऱ्या स्पीकरवर आलात की फरक आंधळ्यालाही कळतो. त्यानंतरची सगळी खरेदी तो पहिला दिवस पुन्हा यावा म्हणून होते, आणि तो येत नाही. आता गाणं लागलं की समेकडे लक्ष नसतं, डावा स्पीकर थोडा दबलाय का हेच बघतो. पटतंय का कुणाला?

सोल्डरगन

स्पीकरपर्यंत पटतंय. साडेनऊ हजारांच्या केबलसाठी मात्र तुम्हाला कोपरापासून नमस्कार. आणि दुकानात दोन जोड्या शेजारी ठेवून ऐकल्या असतील, तर आवाजाची पातळी सारखी केली होती का? तेवढ्याच विजेत एक स्पीकर ८६ डेसिबलचा आवाज देत असेल आणि दुसरा ८९ चा, तर बटण न फिरवताही दुसरा मोठा वाजतो. जरासा मोठा वाजला की कानाला तोच 'खुला', 'जिवंत' वगैरे वाटतो. निम्म्या लोकांची गाडी इथेच रुळावरून घसरते.

हिशेबवही

"ती इथे वाचत नाही." असं आमच्या ह्यांनाही वाटतं. ह्यांचे खोके ऑफिसच्या पत्त्यावर येतात आणि रात्री आठनंतर जिन्याने वर चढतात, कारण लिफ्टमध्ये शेजारी भेटतात. पैशाचं मला एवढं वाटत नाही, मीही साड्या घेतेच. राग येतो तो "हा जुनाच आहे गं" या वाक्याचा. ज्या छंदाची किंमत घरात सांगता येत नाही, त्याचा हिशेब तुम्हालाही मनातून पटलेला नसतो.

मिरजकर

धागाकर्ते, रागावू नका, पण तुमच्या गोष्टीचा पायाच कच्चा आहे. आमच्या मिरजेच्या गल्लीत दिवसभर तंबोऱ्याच्या घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) जवारी लावणं, म्हणजे तार झणझणेल अशी ती घासणं, चालतं, म्हणून बोलतो. काळी एक पट्टीत षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा, ६९. स्वयंभू गंधार हा खर्जाचा पाचवा उपस्वर (त्याच तारेतून आपोआप निघणारा, पाचपट कंपनांचा स्वर), म्हणजे ३४६ च्या आसपास. ३४६ हर्ट्झ तर खिशातला ट्रान्झिस्टरही वाजवतो! खोल खर्ज हवा तर मोठा स्पीकर लागेल, मान्य. पण गंधार तुमच्या फोनमध्येही होता. मित्राकडे तुम्ही बहुधा खूप वर्षांनी अर्धा तास गप्प बसलात.

कोमल_रिषभ

हे लागलं. पण मग इतक्या वर्षांत फोनवर तो मला का भेटला नाही?

मिरजकर

फोनवर तंबोरा सुरू झाला की तुम्ही पुढे ढकलत असणार. आम्ही सगळेच ढकलतो.

खरखर

मिरजकर, हिशेब बरोबर पण न्याय चुकीचा. महाग यंत्रामुळे का होईना, माणूस अर्धा तास गप्प बसला ना? तबकडीचं तेच आहे. पुसायची, पिन अलगद टेकवायची आणि वीस-बावीस मिनिटांत उलटायला उठायचं. मध्येच गाणं बदलायची सोय नाही म्हणून मी ऐकतो. चोर बाजारातून आणलेल्या निम्म्या तबकड्या तळणीसारख्या तडतडतात, तरी. सहा वर्षांत पावणेदोन लाख म्हणजे महिन्याला चोवीसशे. तेवढ्याचं लोक हॉटेलात खातात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. लोकांना लाजवणं बंद करा.

सोल्डरगन

लाजवत कुणी नाही. पण तुमचं 'गप्प बसणं' कुणी हाय-रेझच्या (सीडीहून बारीक नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या) नावाने विकू नये. सीडी १९८२ पासून सेकंदाला ४४,१०० नमुने घेते आहे, म्हणजे माणसाला ऐकू येणाऱ्या २० हजार हर्ट्झच्याही वर सोय आहे. धागाकर्त्यांच्या वयाला वरची पट्टी आपोआपच कमी ऐकू येते. आणि जुन्या काळचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तीन मिनिटांच्या तबकडीत जे मुळात उतरलंच नाही, ते १४ हजारांचा डॅक कुठून आणणार?

को. रि., एक करा. मुलाला केबल बदलायला बसवा. दहा वेळा, तुम्ही पाठ फिरवून बसा. नाणं उडवून ठरवू दे त्याला.

कोमल_रिषभ

केलं. दहापैकी सहा बरोबर. मुलगा म्हणाला, "बाबा, नाण्याचेही सहा आले होते." केबल काढली नाही अजून, विकायला टाकली तर दोन हजारांच्या वर कुणी बोलत नाही.

रात्री दुसरंही करून पाहिलं. दिवे बंद केले आणि तेच ध्वनिमुद्रण मुलाच्या फोनवर, स्वयंपाकघरात. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला गंधार आला. बारीक, पण आला. मिरजकर, तुम्ही जिंकलात. फक्त मित्राकडे तो खोलीभर भरून राहिला होता, माझ्या हॉलमध्ये पावणेदोन लाखांतूनही तसा भरत नाही. काचेसारखा टणटणतो.

मिरजकर

खाली टाइल्स, समोर काचेची सरकती खिडकी, भिंती रिकाम्या. असंच ना? आवाज आपटून परत येतो आणि मूळ स्वरावर चढतो. मित्राकडे खाली काय होतं?

कोमल_रिषभ

जाड गालिचा. एका भिंतीला पुस्तकं. आणि जाड पडदे.

हाताने विणलेला गालिचा साधारण केवढ्याला येतो हो?

सोल्डरगन

झालं सुरू. घरातली गादी उभी करून बघा आधी, फुकट आहे.

हिशेबवही

घ्या गालिचा. पण पावती फ्रीजवर लावा, पिशवीत नको.