शब्दचर्चा : ‘शिक्षण झालं’ की ‘शिकले’?

प्रश्न : बी.एड.ला स्वतःच्या शिक्षणाबद्दल दोन पानं लिहून द्यायची होती. ‘प्राथमिक शिक्षण गावी झालं, माध्यमिक पुण्यात झालं, पदवीही इथेच झाली’ असं लिहीत गेले. बाईंनी समासात एवढंच लिहिलं, ‘आणि तुम्ही कुठे होतात?’ आता ‘झालं’च्या जागी ‘घेतलं’ घातलं तर भागेल का? शीर्षक ‘माझा शैक्षणिक प्रवास’ असं आहे.

प्रतिसाद : नाही भागणार. ‘शिक्षण घेतलं’ म्हणजे मंडईतून गवार घेतल्यासारखं. ‘झालं’ चुकीचं मुळीच नाही, स्थळ बघताना ‘मुलीचं शिक्षण किती झालंय?’ असंच विचारतात. पण लग्न झालं, ऑपरेशन झालं, तसं ते उरकल्याची नोंद करतं. ‘शिकले’ लिहून बघा. काय शिकले, कुणाकडून, हे मग सांगावंच लागतं.

यात व्याकरणाची एक गंमत आहे. ‘तिने आंबा खाल्ला’ यात क्रियापद आंब्यामागे जातं. ‘तिने शिक्षण घेतलं’ यात शिक्षणामागे. पण ‘शिकणे’ सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याला सोडत नाही : ती गणित शिकली, तो गणित शिकला. ‘विसरणे’सुद्धा याच पंगतीतलं, हेही बरंच. हल्ली ‘तिने गणित शिकलं’ सर्रास कानावर पडतं. हिंदीतल्या ‘उसने सीखा’ची ही सावली. मला ते खटकतं, कारण त्यात शिकणारी बाजूला पडते आणि गणित पुढे येतं.

प्रतिसाद : ‘शिकायला असणे’ कसं विसरलात? ‘मी पुण्याला शिकायला होतो’ यात घर सुटणं आलं, दुसऱ्याच्या घरी राहणं आलं. ‘शिकायला ठेवलं’ म्हटलं की ठेवणाराही आला. आमचे आजोबा वारावर जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार लावायचे. एखादा वार मिळाला नाही तर त्या दिवशी उपास. घरोघर फिरून माधुकरी मागणारे वेगळे. तो शब्द मधुकरावरून, म्हणजे भुंग्यावरून आला. मागणाऱ्याला काय वाटायचं, ते मात्र त्या गोड शब्दात उतरत नाही.

प्रतिसाद : शीर्षकातला ‘प्रवास’ काढा. सत्कारात गुळगुळीत झालेला शब्द आहे तो, आणि मला तर त्यावरून स्वारगेटचा एसटी स्टँडच आठवतो. शिक्षणासाठी खरा प्रवास केला धोंडो केशव कर्व्यांनी. मुरूडहून घाट चढून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले, आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. आपल्या पुस्तकाला (1915) नाव त्यांनी साधं दिलं, ‘आत्मवृत्त’. वृत्त म्हणजे घडलेलं. दोन पानांना तेवढा भारी शब्द नको, ‘आठवणी’ पुरे.

प्रश्नकर्ती : आभार. सुरुवात बदलली आहे : ‘आठवीत मला आत्याकडे, नारायण पेठेत शिकायला ठेवलं. पहिल्या महिन्यात मी पेठांचे वार शिकले, आत्याच्या सासूबाईंसमोर “च” नीट म्हणायला शिकले, आणि रडू आलं की गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जायचं, हेही शिकले. बीजगणित मात्र झालं.’