'पिशोग'ला मराठीत काय म्हणावं?

आयर्लंडच्या लोकसमजुतींवर लिहितोय आणि 'पिशोग' या आयरिश शब्दापाशी अडलोय. कोशात अर्थ 'अंधश्रद्धा'. पण वाटेत एकटा मॅग्पाय पक्षी दिसला की त्याला सलाम ठोकायचा, हाही पिशोग. आणि शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीत कुणी अंडी दडवली, तर तोही पिशोग. एकच शब्द कसा वापरू?

— नका वापरू. 'अंधश्रद्धा' हा बाहेरच्यानं मारलेला शिक्का. पाळणारी आजी "आमच्यात पाळतात" एवढंच म्हणते. मॅग्पायला 'शकुन-अपशकुन' पुरे. अंड्यांचा प्रकार मात्र सरळ 'करणी'. अंडी कुजतील तशी त्या घराची बरकत आटावी, हा हेतू. सापडलीच तर हात न लावता फावड्यावर उचलायची आणि जाळायची. तसंच 1 मेच्या पहाटे दुसऱ्याच्या कुरणातलं दव गोळा करणारी बाई दिसली की लोक धास्तावत, कारण दवाबरोबर लोण्याची बरकत जाते. त्या दिवशी घरातला विस्तव किंवा दूध बाहेर देत नसत. आपल्याकडे तिन्हीसांजेला दूध-मीठ देत नाहीत, तसंच.

— लोण्यावरून आठवलं, 'रवी' लिहू नका. तिथं उभं लाकडी पिंप आणि वरखाली करायचा दांडा. घुसळण चालू असताना कुणी आलं तर त्यानंही दांड्याला चार हात लावायचे. तसाच निघून गेला तर संशय त्याच्यावर.

— 'फेअरी'साठी 'परी'ही टाळा. मराठीत परी म्हटलं की पंख आणि छडी. आयरिश माणूस त्यांचं नावच घेत नाही, 'भली माणसं' म्हणतो, कारण नाव घेतलं की ओढवून घेतलं. आपण रात्री सापाला 'लांबडं' म्हणतो, बांगडी 'वाढवतो', त्याच जातीचं. आणि हे फक्त जुन्या काळचं नाही. 1999 साली क्लेअर काउंटीत 'लाटून' नावाच्या ठिकाणी नव्या रस्त्याच्या आड हॉथॉर्नचं एकटं झुडूप येत होतं. ते भल्या माणसांचं आहे म्हणून एडी लेनिहन या कथेकऱ्यानं आवाज उठवला, आणि झुडूप राखून रस्ता झाला.

छान. मग 'पिशोग' तसाच ठेवतो, जागेनुसार 'शकुन' किंवा 'करणी' अशी फोड देतो. 'पिशाच्च'शी नातं जोडायचा मोह झाला होता, तो आवरला. क्रियापद कोणतं? करणी करतात, मूठ मारतात...

— अंडी ठेवतात, म्हणून 'पिशोग ठेवली'. आणि हो, 'तो' नव्हे, 'ती पिशोग'. आयरिशमध्येही शब्द स्त्रीलिंगीच आहे.