मदत हवी आहे: शेळ्यांना पाल्यातून लस द्यायची तर पीक कोणतं धरावं?

नमस्कार मंडळी,

कृषी जैवतंत्रज्ञानात एमएस्सी करतोय. सेमिनारला विषय घेतलाय जनावरांना चाऱ्यातून लस. विषाणूच्या एका प्रथिनाचं जनुक पिकात घालायचं आणि तो पाला जनावराला चारायचा. सुई नको, बर्फाचा डबा नको. आमच्या भागात वाडीवर पोचेपर्यंत पीपीआरची (शेळ्यामेंढ्यांचा, बुळकांडीच्या जवळचा विषाणूजन्य रोग) लस थंड राहिली का, इथूनच सगळ्यांची धाकधूक सुरू होते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बुळकांडीच्या (गुरांचा जीवघेणा रोग) विषाणूच्या पृष्ठभागावरचं एच प्रथिन भुईमुगात आणलं होतं. २००३ च्या शोधनिबंधात पाला खाल्लेल्या गुरांच्या रक्तात प्रतिपिंडं दिसली. म्हणजे कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं मोठं पोट) सगळंच प्रथिन कुजून जातं असं नाही. पुढे २०११ मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं, पण शेळ्यामेंढ्यांची पीपीआर आहेच.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. भुईमुगाचा पाला शेळीला आणि शेंगा आपल्याला! काढणीनंतर गंजीत राहिलेल्या शेंगा पोरं वेचून खातात, त्यांना कोण अडवणार? अमेरिकेत २००२ मध्ये प्रोडिजीन कंपनीचा औषधी प्रथिनाचा मका आदल्या हंगामातल्या सांडलेल्या दाण्यांतून नेब्रास्कात सोयाबीनमध्ये उगवला आणि ५ लाख बुशेल (धान्य मोजायचं अमेरिकी माप) सोयाबीन भेसळीमुळे अडकून पडलं.

लसूणघास माणूस सहसा खात नाही. अर्जेंटिनात लाळ-खुरकुताचं प्रथिन त्यात आणून उंदरांवर पाहिलंय. पण त्याचं परागीभवन मधमाश्या करतात, म्हणजे जनुक परागांबरोबर शेजारच्या शेतात जायची भीती. फुलोऱ्याआधी कापत राहिलं तर धोका टळेल का?

आणि मात्रेचं काय? दांडगी शेळी गव्हाणीत तोंड घालून पानं ओरपते, करडाच्या वाट्याला नुसते देठ.

प्रतिसाद १
फुलोऱ्याआधी कापणं कागदावर ठीक. बांधावरचं एखादं झाड सुटतंच. मोकळ्या शेताचा विचारच सोडा. बंदिस्त हरितगृहात वाढवा, पाला सुकवून दळा, प्रत्येक खेपेत प्रथिन किती ते मोजा आणि वजनानुसार एकेकीला खुराकातून द्या. मात्रेचा प्रश्न तिथेच सुटतो. मग पीक भुईमूग की लसूणघास, याने फारसं बिघडत नाही. मात्र हे औषधच झालं, परवानगीही लसीसारखीच लागणार.

धागाकर्ता
धन्यवाद दादा. पण दळून, मोजून, एकेकीला द्यायचं तर सुईपेक्षा स्वस्त पडेल का? सुकवलेल्या पाल्यात प्रथिन किती महिने टिकतं, यावर कुणी काम केलंय का इथे?